खालच्या दांडीची सायकल

सायकल दिसली की काका आधी ती उचलत. कुणाची आहे वगैरे विचारायची पद्धत नव्हती. लायब्ररीच्या भिंतीला टेकवलेली असो नाहीतर दुकानाच्या दारात उभी असो, वरच्या दांडीखाली चार बोटं घालायची, डोळे मिटायचे, सायकल वीतभर वर न्यायची आणि म्हणायचं, "साडेतेरा." मग कोटाच्या खिशातून हुकाचा काटा निघायचा. भारतात जाताना बॅगा तोलायला आपल्या बहुतेकांच्या घरी असतो ना, तोच. काटा पंधरा दाखवायचा. काका त्याच्याकडे रागाने बघायचे आणि म्हणायचे, "हा चढा दाखवतो."

असा एखादा अभ्यासू माणूस तुमच्याही ओळखीत असेल. फ्रिज घ्यायचा म्हणून दोन वर्षं माहिती काढतो आणि तोवर बायको शेजारणीच्या फ्रिजमध्ये दूध ठेवते. काकांचा विषय होता लांबच्या प्रवासाच्या दणकट सायकली. सामान लादून आठवडा-आठवडा चालवायच्या असतात, त्या.

मी पुण्याहून ब्रिस्टलला आले ती दोन हजार पाचच्या आसपास, विमानांच्या कारखान्यात नोकरीला. विमानाच्या पंखांवर कुठे किती भार येतो ते काढायचं, हे आमच्या खोलीतलं काम. काका त्याच खोलीत माझ्या कितीतरी आधीपासून बसत होते. मूळचे मिरजेचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी रेवा युनिव्हर्सिटीत होती. माझं घर त्यांच्या वाटेवर, म्हणून ते मला रोज गाडीतून ऑफिसला नेत. सायकलींबद्दल इतकं बोलणारा माणूस रोज गाडी कशाला काढतो ते मला कळेना. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, तुम्ही सायकलने का येत नाही?"

"अभ्यास चालू आहे," ते म्हणाले आणि त्यांनी इंडिकेटर दिला.

त्या अभ्यासाचा रोजचा हप्ता मला गाडीत मिळायचा. "हे बघ, नुसती फ्रेम घेतली तर स्टीलची अडीच किलो, ॲल्युमिनियमची पावणेदोन. लोक त्या पाऊण किलोसाठी जीव टाकतात. आता तिच्यावर रॅक लाव, मडगार्ड लाव, मागे दोन पिशव्या, तंबू, पाणी, आणि वर तू स्वतः बस. राहिलं कुठे पाऊण किलो?"

"मग स्टीलचीच घ्या ना."

"असं कसं? स्टील गंजतं."

स्टील वाकलं तर कुठल्याही गावातला वेल्डर सरळ करून देतो, पण ते गंजतं. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण एकदा चीर गेली की फ्रेम कचऱ्यात. मागचं चाक सीटपासून जरा लांब हवं, नाहीतर पायडल मारताना टाच पिशवीला लागते, पण लांब केलं की फ्रेम डुलायला लागते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पण' यायचा, आणि तोवर ऑफिस आलेलं असायचं.

मला लाज फार लवकर वाटते. त्या काळात तर मी लाजेवरच जगत होते म्हणा ना. कोटाला फोडणीचा वास येतो याची लाज. बसमध्ये आईशी फोनवर मोठ्याने बोलले याची लाज. दुकानदाराने हॅलो म्हणावं तसं 'यू ऑलराइट?' विचारलं की मी त्याला माझी सर्दी कशी आहे ते सांगायची, मग घरी येऊन त्याची लाज. त्यामुळे शनिवारी काका मला सायकलच्या दुकानात घेऊन जायचे तेव्हा मी हेल्मेटांच्या मांडणीमागे उभी राहायची.

दुकान चढावर होतं, मालक शेंडी बांधलेला, उंच, शांत माणूस. "मॉर्निंग, प्रोफेसर. काटा आणलाय ना?" असं स्वागत करायचा. काका एकेक सायकल हुकाला टांगायचे. पायडल काढून द्या म्हणायचे, पायडलचं वजन वेगळं धरायला हवं म्हणून. मालक निमूट काढून द्यायचा. शेवटी म्हणायचा, "एक चक्कर मारून या ना, बघा कशी वाटते." काका म्हणायचे, "आज बूट बरोबर नाहीत." पुढच्या शनिवारी म्हणायचे, आज वारा आहे. आणि आम्ही काही न घेता बाहेर पडायचो. रस्त्यावर येईपर्यंत मी मान वर करायची नाही.

घरी वेगळाच प्रयोग चालायचा. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी गेलीच नाही, तिथे छताला जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रेम टांगलेल्या होत्या. त्यातलीच एक चाकं लावून उभी केलेली. तिच्या रॅकच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो बासमतीच्या पिशव्या लटकवायच्या आणि हँडल धरून ती घरापुढच्या ड्राइव्हवेवर ढकलत न्यायची. डुलते किती ते बघायला. समोरची बाई पडद्याआडून बघायची. "तांदूळ सरकतो," काका तिथूनच मला ओरडून सांगायचे, तेही मराठीत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला व्हायचं.

रेवा इथेच जन्मलेली. आई गेली तेव्हा शाळेत होती. काकांनीच तिला वाढवलं, डब्यापासून वेणीपर्यंत. बापलेकीचा एक जुना बेत होता: दोघांनी सायकलवरून, सामान लादून, आठवडाभरात वेल्स पार करायचं. रेवाने त्यासाठी कधीच एक दणकट स्टीलची सायकल घेऊन ठेवली होती. त्या वर्षी तिचं शिक्षण संपलं, न्यूझीलंडला नोकरी लागली. सप्टेंबरात निघायचं होतं. म्हणजे बेत पार पाडायचा तर हाच उन्हाळा.

"बाबा, तुझा सायकल कधी येणार? मे आला!"

"अभ्यास चालू आहे गं."

"यू हॅव बीन स्टडींग सिन्स आय वॉज इन इयर नाइन!" ती हसून म्हणाली. पण हसू लवकर संपलं.

त्याच सुमाराला मी पुण्याला जाऊन आले होते. जाताना काकांचा काटा उसना नेला होता, तो परत द्यायला एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. आतून धाडकन आवाज आला. वाकून पाहिलं तर काका जमिनीवर, अंगावर सायकल, बाजूला उलटा ठेवलेला दुधाचा क्रेट. क्रेटवर चढून पलीकडे पाय टाकायला गेले होते, हे उघड दिसत होतं.

"आत येऊ नकोस!" ते ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नव्हता.

मी दाराशी थांबले. काका सायकलखालून स्वतःला सोडवत होते. एक हात भिंतीला, एक क्रेटला, मग गुडघा. मी सगळं बघत राहिले, कारण नजर कुठे वळवावी ते सुचलं नाही. उभे राहिल्यावर त्यांनी पँट झटकली आणि काट्यासाठी हात पुढे केला. मी काटा दिला.

"उजवा खुबा गेलाय," ते म्हणाले. "पाय इथवरच येतो." त्यांनी गुडघ्याच्या जरा वर हात धरून दाखवला. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन इतक्यात नको. चालतंय तोवर चालवा."

"कधीपासून?"

"झाली तीन-चार वर्षं."

"म्हणजे तो अभ्यास..."

"अभ्यास त्याच्या आधीचा आहे," काका जरा दुखावून म्हणाले.

मला वाटलं, यात काय मोठंसं. मी म्हटलं, "काका, मग ती घ्या ना, खालच्या दांडीची. मधून पाय टाकायचा की झालं. उचलावाच लागत नाही."

"लेडीज?"

तो एक शब्द त्यांनी असा उच्चारला की मीच वरमले. "मिरजेला आमच्या वर्गात एक मुलगा बहिणीच्या सायकलवरून यायचा," ते म्हणाले. "त्याचं आम्ही काय केलं ते मला माहीत आहे." मग क्रेट उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला. "रेवाला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

मी शब्द दिला. द्यायला नको होता असं पुढच्याच आठवड्यात वाटलं. रेवा माझ्याकडचा तंबू घ्यायला आली, ओट्याशी उभी राहून कोथिंबिरीच्या काड्या तोडत राहिली, आणि एकदम म्हणाली, "ताई, बाबाला माझ्याबरोबर यायचंच नाहीये. इट्स फाइन. पण त्याने डायरेक्ट सांगायला पाहिजे होता ना. मी एकटी जाते." तिचा आवाज शेवटी फाटला. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हटलं, "चहा घेतेस?"

दुसऱ्या दिवशी गाडीत मात्र मी काकांना सांगून टाकलं. "काका, रेवा एकटी जाणार आहे. तिला वाटतंय, तुम्हाला तिच्याबरोबर जायचंच नाही. तुमच्या त्या अभ्यासावरून तिने हा अर्थ काढलाय."

राउंडअबाउटला गोल फिरताना आमचा रस्ता आला तो काकांनी सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवू लागला.

"दांडी खाली आली की फ्रेमचा त्रिकोण मोडतो," ते म्हणाले. "मागे वजन टाकलं की फ्रेम पिळवटते. म्हणून मग जाड नळ्या लावतात. चारशे ग्रॅम तरी वाढतात."

"तुम्हीच म्हणता, सामानासकट पस्तीस किलो होते. त्यात चारशे ग्रॅम राहिले कुठे?"

"पण डुलते."

"थोडं सामान पुढच्या चाकावर टाका. डुलणं कमी होईल."

"होईल," काका म्हणाले. आम्ही दोघं भाराचा हिशेब करून पोट भरणारी माणसं, त्यामुळे बोलणं सगळं नळ्यांचंच चाललं होतं. पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शनिवारी म्हणाले, "तू चल बरोबर. तुझ्यासाठी बघतोय असं वाटेल."

दुकानात खालच्या दांडीची, दणकट, हिरव्या रंगाची एक होती. "फॉर द लेडी?" मालकाने विचारलं. "येस," काका म्हणाले. मालकाने मला जवळ उभं करून सीट माझ्या उंचीला लावली. काका बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जरा उंच." मालकाने सीट बोटभर वर केली. "अजून," काका म्हणाले. मालकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सीट बरोबर काकांच्या उंचीला आणली आणि कापडाने पुसली. त्या दिवशी काटा खिशातून निघाला नाही.

रेवाला काकांनी सांगितलं, वजन खाली राहतं, त्याने तोल सांभाळला जातो. रेवा म्हणाली, "कूल," आणि त्यांच्या गळ्यात पडली. बाकी तिने काही विचारलं नाही. काकांना निघताना कुणीच नको होतं, पण पोरीने आनंदाच्या भरात इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना कळवून टाकलं.

त्यामुळे वेल्सकडे जाणाऱ्या, सेव्हर्न नदीवरच्या जुन्या पुलाच्या अलीकडे, कार पार्कमध्ये, आपली दहा-पंधरा माणसं सकाळी हजर. मंडळाचे खजिनदार कॅमेरा घेऊन, त्यांच्या मिसेस पोहे, नारळ आणि पूजेचं तबक घेऊन. नव्या वाहनाची पूजा केल्याशिवाय आपल्याकडे चाक हलत नाही, मग ते वाहन कुठल्या का देशात असेना. मिसेसनी हिरव्या सायकलच्या हँडलला हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, चाकाशी नारळ फोडला, आणि सायकल प्रेमाने रेवाच्या हातात दिली. "घे गं, ही तुझी. लेडीज आहे ते बरंय, कपडे अडकायचे नाहीत."

खजिनदारांनी रेवाची उंच दांडीची सायकल उचलून काकांसमोर धरली. "या, मारा टांग. फोटो काढतो."

"नो, दॅट्स—" रेवा म्हणायला लागली. काकांनी हाताने तिला थांबवलं. ते त्या दांडीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. पुलावरून वारा येत होता. सगळे त्यांच्या टांगेची वाट बघत होते. आता हे त्रिकोण मोडण्याबद्दल काहीतरी सांगतील, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं.

"ही रेवाची," काका म्हणाले. "ती माझी. लेडीज आहे. माझा पाय वर जात नाही."

खजिनदार मोठ्याने म्हणाले, "अहो, मग बांगड्या पण भरायच्या होत्या!"

दोन-चार जण हसले. अशा वेळी एक ओशाळं हसू आपोआप तोंडावर येतं, ते माझ्याही आलं. काका हसले नाहीत. ते आपल्याच बुटांकडे बघत होते.

"बांगड्या? व्हाय बँगल्स?" रेवाने मला विचारलं. "ताई, काय म्हणाले ते?"

ते वाक्य मला तिच्या भाषेत सांगता येईना. तिच्या बापासमोर, हळदीकुंकू लावलेल्या सायकलशेजारी उभं राहून कसं सांगायचं? मग तिने खजिनदारांनाच विचारलं, अगदी नम्रपणे, "अंकल, सॉरी, माझा मराठी वीक आहे. बांगड्या कशाला लागतात?" तिला वाटलं होतं, पूजेतलं काहीतरी राहिलं असेल. "माझ्याकडे नाहीयेत. मॅटर करतं का?"

खजिनदार कॅमेऱ्याचं झाकण लावू लागले. ते बसेना. "काही नाही गं," ते म्हणाले. "गंमत." त्यांच्या मिसेस घाईघाईने म्हणाल्या, "पोहे घ्या सगळ्यांनी, गार होतायत." आम्ही सगळे पोह्यांवर तुटून पडलो. इतके मन लावून पोहे खाल्लेले मी कधी पाहिले नाहीत.

काकांनी मधून उजवा पाय टाकला, सीटवर बसले आणि निघाले. पहिली दहा पावलं सायकल इकडून तिकडे झोकांड्या खात होती. माझ्यासमोरून जाताना पुढे बघतच म्हणाले, "डुलते." मागून रेवा गेली. पुलाच्या चढावर दोघं बराच वेळ दिसत होती. नंतर मी डबे भरायला वाकले.

वेल्स त्यांनी पार केलं. चढावर काका उतरून ढकलत आणि रेवाही त्यांच्याबरोबर उतरून चालत असे, एवढं तिने मला सांगितलं. सप्टेंबरात ती गेली. पुढे यथावकाश काकांचं ऑपरेशन झालं, पाय चांगला वर जायला लागला, तरी त्यांनी दुसरी सायकल घेतली नाही. ऑफिसला त्याच सायकलने यायचे आणि बाकीच्यांच्या सायकलींच्या रांगेत लावायचे. मी मुद्दाम बघत असे. कान लाल व्हायचे थांबले होते असं म्हणणार नाही, पण सायकल रोज तिथेच असायची. रिटायर झाल्यावर ते रेवाकडे न्यूझीलंडला गेले, कायमचे. सायकल तेवीस किलोच्या बॅगेत मावण्यासारखी नव्हती. ती माझ्या शेडमध्ये आली.

मग एक दिवस खजिनदारांचा फोन आला. "काकांची ती सायकल तुमच्याकडे आहे ना? द्यायची आहे का? म्हणजे, मिसेससाठी विचारतोय." मिसेस मला चांगल्या माहीत. कोपऱ्यावरून पाव आणायलाही त्या गाडी काढतात. मी म्हटलं, काकांना विचारून सांगते.

काकांना फोन लावला तेव्हा तिकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं. मागच्या खेपेला खजिनदार आमच्या दाराच्या दोन पायऱ्या कठड्याला धरून चढले होते, तेही सांगितलं. काका हसतील असं मला वाटलं होतं. खरं तर त्यांनी हसावं अशी माझी इच्छा होती.

"दे त्याला," ते म्हणाले. "आधी सीट खाली कर, तो माझ्याहून बुटका आहे. चाकात हवा बघ." मग म्हणाले, "आणि एक कर. तो पहिल्यांदा बसेल ना, तेव्हा तिथे उभी राहू नकोस."

खजिनदार दुपारी आले, एकटेच. मी सायकल घरामागच्या गल्लीत आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी हँडल धरलं, घंटीवरची धूळ पुसली, मडगार्ड चाचपलं, सगळं केलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"चहा ठेवते," मी म्हटलं आणि आत आले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या गल्लीवरच उघडते. मी तिच्याकडे पाठ केली, पाणी ठेवलं, साखर घातली, आणि चहा उतू जाईपर्यंत वळून पाहिलं नाही.